फासा कोणाचा, चाल कोणाची?

एखाद्या खेळाला समाज कोणते नाव देतो, यावरून त्या समाजाने त्या खेळात काय पाहिले हे कळते. संस्कृतातील चतुरंग या नावात सेनेची चार अंगे होती: हत्ती, घोडे, रथ आणि पदाती. इराणात त्याचा चत्रंग झाला, अरबांनी त्याचे शत्रंज केले. युरोपातील बहुतेक भाषांनी 'शाह' या फारसी शब्दावरून, म्हणजे राजावरून, खेळाचे नाव घेतले. इंग्रजीतील चेस हा शब्द त्याच घराण्यातला. मराठीने मात्र वेगळी वाट धरली. आपण या खेळाला बुद्धिबळ म्हणतो. बळ म्हणजे शक्ती आणि बळ म्हणजे सैन्यही. बुद्धी हेच जेथे सैन्य, तो हा खेळ. पटावर जे घडते ते बुद्धीने घडते, दैवाने नव्हे, असा निवाडा आपल्या भाषेने नावातच देऊन टाकला आहे.

परंतु हा निवाडा वाटतो तितका सरळ नाही. ज्या चौसष्ट घरांवर आज राजा आणि वजीर उभे असतात, त्याच घरांवर एके काळी फासेही खुळखुळत होते. मनुष्याच्या आयुष्यात फासा किती आणि चाल किती, आणि या दोहोंत परमेश्वराचे स्थान कोणते, हा प्रश्न या खेळाच्या इतिहासाला पहिल्यापासून चिकटलेला आहे. येथे त्याचाच थोडा विचार करण्याचा आमचा मानस आहे.

भारतात फासे फार जुने. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या विलापाचे एक संपूर्ण सूक्त आहे, आणि कौरवांच्या सभेतील द्यूत कोणास ठाऊक नाही? आठ ओळींत आठ घरे असलेल्या पटाला अष्टापद म्हणत. पतंजलीच्या महाभाष्यात त्याचा उल्लेख येतो, म्हणजे चतुरंगाचा पहिला पुरावा मिळतो त्याच्या कितीतरी आधीपासून हा पट लोकांच्या परिचयाचा होता. इंग्रज संशोधक एच. जे. आर. मरे यांनी १९१३ साली बुद्धिबळाचा जो बृहद् इतिहास प्रसिद्ध केला, त्यात अष्टापद हा मुळात फाशांच्या खेळाचा पट असावा असे मत मांडले. पुढे याच पटावर चतुरंगाची सेना उतरली. हर्षवर्धनाने इ.स. ६०६ ते ६४७ या काळात राज्य केले. त्याचा चरित्रकार बाणभट्ट आपल्या राजाच्या राज्यातील शांतता वर्णिताना असा श्लेष साधतो, की तेथे चतुरंगाची मांडणी शिकायची ती केवळ अष्टापदावर, रणांगणावर नव्हे.

तरीही फासा पटावरून एकदम हद्दपार झाला नाही. इ.स. १०३०च्या सुमारास अल्-बिरूनीने भारतावर ग्रंथ लिहिला, त्यात चार जणांनी दोन फाशांनिशी खेळावयाच्या चतुरंगाचे वर्णन आहे. बंगालमधील रघुनंदनाच्या 'तिथितत्त्व' या ग्रंथातही तोच प्रकार आढळतो. या खेळात फाशावर जो आकडा पडेल त्यावरून कोणते मोहरे हलवायचे हे ठरे. मग ते कोठे न्यायचे, एवढेच खेळाडूच्या हाती उरे. हा चौघांचा खेळच बुद्धिबळाचे मूळ होय, असे १८६० साली डंकन फोर्ब्स यांनी मोठ्या आग्रहाने प्रतिपादिले. पुढील अभ्यासकांनी ते मानले नाही. आम्हांस येथे एवढेच पुरेसे आहे, की एकाच पटावर दोन्ही परी नांदत होत्या: एकीत बुद्धी स्वतंत्र होती, दुसरीत ती फाशाच्या आज्ञेत होती.

इराणात गेल्यावर या दोन परींना तत्त्वज्ञानाचे रूप आले. पहलवी भाषेत चत्रंगाविषयी एक छोटा ग्रंथ आहे. त्यातील कथा अशी: भारताच्या राजाने खुस्रो अनुशिरवान (राज्यकाल ५३१ ते ५७९) या इराणी सम्राटाकडे हा खेळ पाठवला आणि त्याचे मर्म ओळखून दाखवावे असे आव्हान दिले. सम्राटाचा मंत्री बुझुर्गमिहर याने ते मर्म ओळखले आणि उलट भेट म्हणून नर्द हा फाशांचा खेळ रचून भारतात पाठवला. नर्दच्या तीस सोंगट्या म्हणजे महिन्याच्या दिवसरात्री, आणि फाशाचे फिरणे म्हणजे आकाशमंडळाचे फिरणे, असा अर्थ त्याने लावला. कथेचा इतिहास कसाही असो, तिचा आशय स्पष्ट आहे. एका देशाने युद्धाची चाल पाठवली, दुसऱ्याने ग्रहगतीचा फासा पाठवला. दहाव्या शतकातील अरब इतिहासकार अल्-मसूदी एका विचारवंताचे मत नोंदवतो: ज्याने बुद्धिबळ शोधले तो मनुष्याच्या स्वेच्छेवर विश्वास ठेवणारा असला पाहिजे, आणि ज्याने नर्द शोधला तो विधिलिखितावर.

या वादाला तिसरी बाजू जोडली ती एका ख्रिस्ती राजाने. कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो, ज्याला इतिहास 'सुज्ञ' म्हणून ओळखतो, त्याने १२८३ साली सेव्हिल येथे खेळांविषयीचा एक सचित्र ग्रंथ पूर्ण करवून घेतला. त्याच्या आरंभी भारतातील एका राजाची कथा आहे. राजाने तीन पंडितांना विचारले, 'मनुष्याच्या जीवनात श्रेष्ठ काय?' पहिला म्हणाला, बुद्धी. आणि पुरावा म्हणून त्याने बुद्धिबळाचा पट आणला. दुसरा म्हणाला, दैव. त्याने नुसते फासे आणले. तिसरा म्हणाला, दोहोंतून घेणे हेच शहाणपण. आणि त्याने असा पट आणला ज्यावर फासे टाकून सोंगट्या चालवायच्या असतात. त्याचे म्हणणे असे, की फासा अनुकूल पडला तर त्याचा लाभ बुद्धीने घ्यावा, आणि प्रतिकूल पडला तर होणारी हानी बुद्धीने आवरावी.

ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाशी झटापट करावी लागली, आणि ती कथा गमतीची असूनही विचार करायला लावणारी आहे. इ.स. १०६१-६२च्या सुमारास संत पीटर डेमियन, जे तेव्हा ऑस्टियाचे कार्डिनल होते, फ्लॉरेन्सच्या बिशपांसमवेत प्रवास करीत होते. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी बिशप बुद्धिबळ खेळत बसले. सकाळी ते कळताच डेमियन यांनी त्यांना कडक शब्दांत जाब विचारला. बिशपांनी बचाव केला, 'धर्मगुरूंना बंदी आहे ती फाशांची; बुद्धिबळ ही वेगळी गोष्ट आहे.' डेमियन यांनी तो बचाव मानला नाही. कायद्यात बुद्धिबळाचे नाव नसले तरी दोन्ही खेळ एकाच शब्दाखाली येतात, असे त्यांनी बजावले. बिशप नमले आणि त्यांना प्रायश्चित्त मिळाले: संपूर्ण स्तोत्रसंहिता तीन वेळा म्हणावी, बारा गरिबांचे पाय धुवावेत, त्यांना जेवू घालावे आणि दान द्यावे.

काळाने डेमियन यांच्यापेक्षा बिशपांच्या बाजूने कौल दिला. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ साली सापडलेल्या, वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेल्या बाराव्या शतकातील मोहऱ्यांत चक्क टोपी आणि धर्मदंड धारण केलेले बिशप आहेत. आपण ज्याला उंट म्हणतो ते मोहरे अरबांच्या पटावर हत्ती होते, आणि इंग्रजीत ते आजही बिशप आहे! पुढे इ.स. १३००च्या सुमारास याकोबुस दे चेसोलिस या डोमिनिकन धर्मगुरूने बुद्धिबळाच्या मोहऱ्यांवरून राजापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या कर्तव्यांचा बोध केला, आणि तो ग्रंथ युरोपभर वाचला गेला. तथापि डेमियन यांच्या प्रायश्चित्तातील एक खूण विसरण्याजोगी नाही. ज्या हातांनी मोहरी हलवली त्याच हातांनी गरिबांचे पाय धुवायचे होते. या हातांकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

आता आपल्या काळाकडे वळू. बुद्धिबळ आणि फासे हे वाचकाला दिवाणखान्यातील विषय वाटतील. आमच्या अनुभवात मात्र हा वाद दुःखाच्या घरी ऐकू येतो. मृताच्या घरी सांत्वनाला गेलेल्या धर्मगुरूच्या कानावर एक वाक्य हटकून पडते: 'फादर, देवाची मर्जी!' कित्येकदा ते श्रद्धेचे उद्गार असतात, आणि त्यांपुढे आमचे मस्तक नमते. पण कित्येकदा तसे नसते. तरुण मुलगा मद्य पिऊन, डोक्यावर शिरस्त्राण न घालता भरधाव मोटारसायकल चालवतो. त्याला मद्य पाजणारे मित्र असतात, चावी हाती देणारे वडील असतात, त्या रस्त्यावरचा खड्डा वर्षभर न बुजवणारे कोणी असतात. या प्रत्येकाने आपापली चाल खेळलेली असते. अखेर सारेजण मिळून त्या सर्व चालींना देवाची मर्जी म्हणतात. हा परमेश्वराचा सन्मान नव्हे. ही आपली चाल देवाच्या फाशाखाली दडवणे आहे.

याच्या उलट असलेली दुसरी भूल अधिक सभ्य दिसते, म्हणून ती अधिक घातक. सुस्थितीतला मनुष्य म्हणतो, 'आम्ही कष्ट केले, बुद्धी वापरली, म्हणून वर आलो. त्यांनी केले नाहीत, म्हणून ते तसेच राहिले.' त्याला आयुष्य म्हणजे निखळ बुद्धिबळ वाटते. पण बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरी समान मिळतात. पांढऱ्याची पहिली चाल एवढाच काय तो फरक. कोणाच्या आयुष्याचा पट असा मांडलेला असतो? एकाच्या घरी पुस्तके असतात, दुसऱ्याच्या घरी दिव्याला तेल नसते. एकाला निरोगी देह मिळतो, दुसरा जन्मतःच हत्ती गमावून बसलेला असतो. कोणत्या जातीत, कोणत्या गावी, कोणत्या आईच्या पोटी जन्मावे ही कोणाचीच चाल नसते. ज्याला उत्तम फासा पडला त्याने तो आपल्या बुद्धीच्या खात्यावर मांडला, की शेजाऱ्याचे दारिद्र्य त्याला शेजाऱ्याचा अपराध दिसू लागते.

प्रभू येशूने या दुसऱ्या भुलीला दोनदा थेट उत्तर दिले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे त्याने लोकांना बजावले. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. ज्या घरी अपंग बालक जन्मते, त्या घरातील आई रात्र-रात्र स्वतःला विचारत राहते की आपल्या हातून कोणते पाप घडले. तिला हे उत्तर पुनःपुन्हा सांगणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे. बाई, ही तुझी चाल नव्हती.

मग फासा म्हणजे परमेश्वराच्या राज्याबाहेरची एखादी आंधळी शक्ती आहे काय? नाही. नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो की चिठ्ठ्या पदरात टाकल्या तरी त्यांचा निर्णय परमेश्वराकडून येतो. संत थॉमस अक्विनास यांनी यासाठी एक साधे उदाहरण दिले आहे. धनी आपल्या दोन चाकरांना, एकमेकांना नकळत, एकाच ठिकाणी पाठवतो. तेथे त्यांची गाठ पडते. चाकरांच्या दृष्टीने ती योगायोगाची भेट असते. धन्याच्या दृष्टीने मात्र तो योगायोग नसतो. म्हणजे योगायोग आहे तो आपल्या पातळीवर खरा आहे, आणि तरीही तो ईश्वरी योजनेच्या कक्षेबाहेर नाही.

येथे एक पायरी नीट चढली पाहिजे, नाहीतर पाय घसरतो. धन्याला हेतू ठाऊक आहे, यावरून चाकरालाही तो ठाऊक आहे असे ठरत नाही. प्रत्येक अपघातात, प्रत्येक लाभात देवाचा अभिप्राय आपल्याला वाचता येतो असे मानणे म्हणजे चाकराने धन्याची गादी बळकावणे होय. प्रेषितांनी मथियाची निवड चिठ्ठी टाकून केली हे खरे. परंतु क्रम पाहावा. आधी त्यांनी विचार केला, की जो आरंभापासून प्रभूच्या सहवासात होता तोच या पदाला योग्य. त्या कसोटीवर दोघे उतरले. मग प्रार्थना झाली, आणि सर्वांत शेवटी चिठ्ठी. बुद्धीने करावयाचे काम त्यांनी चिठ्ठीवर सोपवले नाही. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने भरावयाची धर्मपदे चिठ्ठ्यांनी भरू नयेत, असे अक्विनास यांनीही स्पष्ट म्हटले आहे.

फासा आणि चाल यांची सर्वांत भेदक गाठ पडते ती प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवशी. क्रुसाखाली शिपाई त्याच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. अंगरखा कोणाच्या वाट्याला गेला, हा योगायोग होता. त्याआधी पिलाताने निर्णय दिला, तो मात्र योगायोग नव्हता. ती त्याची चाल होती. समोरचा मनुष्य निरपराध आहे हे तो जाणत होता. पण त्याने पाणी मागवले आणि सर्वांदेखत हात धुतले. आपली चाल फासा म्हणून खपवण्याचा असा प्रयत्न जगाच्या इतिहासात दुसरा नसेल. त्याच्या आदल्याच रात्री दुसऱ्या कोणी पाणी घेतले होते, ते शिष्यांचे पाय धुण्यासाठी. पाण्याचे हे दोन उपयोग आहेत, आणि फ्लॉरेन्सच्या बिशपांना डेमियन यांनी त्यांतील दुसरा सांगितला होता. आपल्या कृतीची जबाबदारी झटकायची असेल तर हात धुवावे लागतात. स्वीकारायची असेल तर दुसऱ्याचे पाय.

तेव्हा आम्हांस आल्फोन्सोच्या तिसऱ्या पंडिताचे म्हणणे शुभवर्तमानाला सर्वांत जवळचे वाटते. तालान्तांचा दाखला तेच सांगतो. एकाला पाच मिळाले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक; वाटणी असमान होती आणि धन्याने ती लपवली नाही. हिशेबाच्या दिवशी त्याने कोणालाही 'तुझ्याकडे इतकेच का?' असे विचारले नाही. जे दिले होते त्याचे काय केलेस, एवढेच विचारले. दोनाचे चार करणाऱ्याला आणि पाचाचे दहा करणाऱ्याला शाबासकी मिळाली ती अगदी एकाच शब्दांत.

यावरून व्यवहारासाठी एक नियम मांडता येईल. आपले स्वतःचे आयुष्य वाचताना ते बुद्धिबळ म्हणून वाचावे: माझी कोणती चाल चुकली, कोठे थांबायला हवे होते, कोणाला मी प्याद्यासारखे वापरले? शेजाऱ्याचे आयुष्य वाचताना मात्र आधी फासे पाहावेत: याला काय पडले होते, ज्याची मला कल्पनाही नाही? मनुष्यस्वभाव याच्या नेमका उलट चालतो. आपले अपयश तो फाशावर ढकलतो आणि दुसऱ्याचे त्याच्या चालीवर.

यावर कोणी आक्षेप घेईल, की शेजारी केवळ दैवाचा बळी ठरला तर त्याची प्रतिष्ठा काय राहिली? व्यसनी मनुष्याला 'तुझा काही दोष नाही' म्हणणे म्हणजे त्याला सोंगटी ठरवणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. शेजारीही खेळाडूच आहे. परमेश्वराने त्यालाही स्वेच्छा दिली आहे, आणि तो उठून नवी चाल खेळू शकतो हा विश्वास त्याला देणे हेच खरे प्रेम. आमचे म्हणणे इतकेच, की त्याच्या चालींचा निवाडा आपल्याकडे सोपवलेला नाही, कारण त्याच्या हाती कोणते फासे आले हे आपण पाहिलेले नाही. तसेच, स्वतःकडे पाहण्याच्या नियमालाही मर्यादा आहे. जी खरोखर आपली चाल नव्हती, तिचा दोष स्वतःच्या माथी मारून घेणे ही नम्रता नव्हे. त्या अपंग बालकाच्या आईने हे ओझे उतरवून ठेवावे, अशीच प्रभूची इच्छा आहे.

अवीलाच्या संत तेरेजा यांनी 'पूर्णत्वाचा मार्ग' लिहिताना आपल्या भगिनींना बुद्धिबळाचा दृष्टांत दिला होता. संन्यासिनीने खेळाचे उदाहरण द्यावे याचा संकोच त्यांना वाटला, तरी त्यांनी तो दिला. युरोपच्या पटावर वजिराच्या जागी राणी असते, आणि तेरेजा यांचा जन्म १५१५ साली होण्याच्या थोडे आधी, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमध्येच या राणीला तिची आजची दूरवर जाण्याची शक्ती मिळाली होती. तेरेजा म्हणतात की स्वर्गीय राजाला मात देऊ शकेल अशी राणी एकच आहे, आणि ती म्हणजे नम्रता. तिच्यापुढे तो आनंदाने हरतो.

या दृष्टांतात आम्हांस आपल्या प्रश्नाचेही उत्तर दिसते. जे लाभले ते सारे आपले कर्तृत्व नव्हे, हे नम्र मनुष्य जाणतो. आणि जे बिघडले ते सारे दैवाचे कर्तृत्व नव्हे, हेही तो तितकेच जाणतो. रात्री निजण्यापूर्वी आत्मपरीक्षणाला बसताना आपण दोन प्रश्न स्वतःस विचारू या. आज मला न मागता काय मिळाले? आणि आज मी माझ्या हाताने काय केले? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून उपकारस्तुती निघेल, दुसऱ्यातून पश्चात्ताप. दोन्ही घेऊन परमेश्वरासमोर जावे. सकाळी तो आपल्यासमोर पट पुन्हा मांडून ठेवतो.